थकल्या देहाची आशा

दिवाळीच्या आगेमागे २ नोव्हेंबर येतो. सर्व मृतांच्या स्मरणाचा हा कॅथलिक दिवस. वसईपासून गोव्यातल्या सासष्टीपर्यंत दफनभूमी झाडूनपुसून ठेवलेल्या असतात, कबरींवर फुले आणि मेणबत्त्या लागतात, मिस्सा होते, फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात. नुकताच पितृपक्ष पाळलेल्या शेजाऱ्याला यात परके असे काही वाटत नाही. गेलेल्यांची आठवण ठेवावी, त्यांच्यासाठी काही करावे, यावर सगळीकडच्या माणसांचे एकमत आहे. मतभेद सुरू होतो तो त्या कबरीत नेमकी कशाची वाट पाहिली जाते आहे, या प्रश्नापाशी. पुष्कळांची समजूत अशी की ख्रिस्ती माणसाची आशा म्हणजे स्वर्ग. देह मातीत गेला, आत्मा वर गेला, पुढे सगळे आलबेल. असे मानणाऱ्यांत ख्रिस्ती घरांत जन्मलेलेही थोडे नाहीत. ही समजूत खोटी नाही, अपुरी आहे, आणि तिच्यातून जे निसटते तेच मला मोलाचे वाटते. देवळात उभे राहून जो मतांगीकार म्हटला जातो, त्याच्या शेवटाकडे देहाच्या पुनरुत्थानाचा उच्चार आहे. उच्चार देहाचा आहे. ज्याचे गुडघे धरले, दात पडले, ज्याला मोतीबिंदू झाला, त्या देहाचा. हा एक उच्चार मनापासून घेतला तर म्हातारपण आणि मरण यांच्याकडे पाहण्याची सगळी रीतच बदलते. आणि ती खरोखर बदलली आहे की नाही, हे प्रार्थनेपेक्षा आजाऱ्याच्या खाटेपाशी लवकर कळते, असे मला या लेखात मांडायचे आहे.

देह हे जुने वस्त्र आणि आत्मा ते टाकून नवे नेसतो, हा दृष्टान्त मराठी मनात इतका मुरलेला आहे की सांत्वनाला गेलेला माणूस तो न ठरवताही बोलून जातो. ग्रीकांकडेही असाच विचार होता. ओस्कार कुलमान या नव्या कराराच्या अभ्यासकाने १९५५ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानात दोन मृत्यू शेजारी शेजारी ठेवले. सॉक्रेटिस विषाचा पेला शांतपणे पितो, शिष्यांची समजूत घालतो, कारण मरण ही त्याच्या लेखी आत्म्याची सुटका आहे. येशू मात्र अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत घाबरा होतो, हा प्याला टळावा म्हणून विनवतो, मित्रांनी जागे राहावे म्हणून काकुळतीला येतो. त्याआधी लाजरस या मित्राच्या कबरीपाशी तो रडलेला आहे, तेही त्याला लगेच उठवणार असताना. प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला साधारण इसवी सन ५५ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात मरणाला शेवटचा शत्रू म्हटले आहे. शत्रू म्हटले की त्याच्याशी सलगी करायची नसते. आणि शेवटचा म्हटले की त्याच्यावर मात होणार हे गृहीत असते. याच पत्रात पौल स्वतःची सगळी पुंजी एका डावावर लावतो: ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आपला विश्वास फुकट आणि आपल्यासारखे कीव करण्याजोगे दुसरे कोणी नाही, असे तो सरळ सांगतो. कुलमानच्या मांडणीत विरोध जरा जास्तच ताणला आहे, अशी टीका झाली आणि ती रास्त आहे. आत्म्याचे अमरत्वही ख्रिस्ती विचारात पुढे चांगले रुजले, ते नाकारता येत नाही. तरी मुद्दा उरतोच. या परंपरेच्या मुळाशी मरणाबद्दलची समजूतदार शांतता नाही, मरणाविरुद्धची तक्रार आहे. म्हणून ख्रिस्ती माणसाने मरणाला भ्यावे यात अश्रद्धा नाही. त्याच्या गुरूलाही भीती वाटली होती.

शत्रू मानलेल्या मरणाने ज्याला गाठले, त्याला एकट्याला सोडायचे नाही, हे यातून ओघाने येते. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यावर रोमन साम्राज्यात मोठी साथ पसरली. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याच्या पत्रात त्या साथीचे वर्णन आहे. ख्रिस्ती लोक आजाऱ्यांची शुश्रूषा करत राहिले, मेलेल्यांना न्हाऊ घालून त्यांनी मूठमाती दिली, आणि त्यात कित्येक स्वतः मेले, असे तो लिहितो. आपल्या माणसांबद्दल बिशपच लिहितो आहे म्हणून थोडी वजावट करावी. पण शंभरएक वर्षांनी, ख्रिस्ती धर्म मोडून जुने देव परत आणू पाहणारा सम्राट ज्युलियन आपल्या एका पुरोहिताला जे लिहितो, त्यात वजावटीला जागा कमी आहे. या लोकांचा पंथ वाढतो आहे तो परक्यांशी त्यांच्या वागण्यामुळे आणि मेलेल्यांच्या दफनाची ते घेत असलेल्या काळजीमुळे, असे तो चिडून कबूल करतो, आणि आपल्या देवळांनी त्यांचा कित्ता गिरवावा म्हणतो. विरोधकाने दिलेली साक्ष म्हणून मी तिला जास्त किंमत देतो. देह ही टाकून द्यायची गोष्ट असती तर त्याला न्हाऊ घालण्यासाठी जीव धोक्यात घालण्याचे कारण नव्हते.

याच विचाराचा विसाव्या शतकातला सर्वांत ठळक पुरावा लंडनमध्ये सापडतो. सिसिली सॉन्डर्स या मुळात परिचारिका. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटले, तेव्हा रुग्णालयात रुग्णांच्या घरगुती आणि आर्थिक अडचणी पाहणाऱ्या समाजसेविकेचे काम त्यांनी धरले. १९४५ च्या सुमारास त्या ख्रिस्ती श्रद्धेकडे वळल्या. १९४८ मध्ये डेव्हिड तास्मा नावाचा पोलंडहून आलेला एक ज्यू निर्वासित त्यांच्या देखरेखीखाली कर्करोगाने मरत होता. नातेवाईक नाहीत, आयुष्यात काही केले नाही ही खंत. मरणाऱ्यांसाठी एक वेगळे घर असावे, ही कल्पना दोघांच्या बोलण्यातून आकाराला आली, आणि तास्माने त्या घरातली एक खिडकी व्हावी म्हणून पाचशे पौंड मागे ठेवले. घर व्हायला एकोणीस वर्षे लागली. मधल्या काळात सॉन्डर्स वैद्यकाचे शिक्षण घ्यायला गेल्या, कारण मरणाऱ्याला डॉक्टरच वाऱ्यावर सोडतात, तेव्हा डॉक्टर होऊनच काही करता येईल, असा सल्ला त्यांना एका शल्यविशारदाने दिला होता. चाळिशीला टेकल्या तेव्हा त्या डॉक्टर झाल्या. पुढे हॅकनी भागात आयरिश नन चालवत असलेल्या सेंट जोसेफ्स या मरणासन्नांच्या घरात त्यांनी काम केले, आणि तिथे त्यांनी रूढ रीत उलटी केली. तोवर मॉर्फिन द्यायचे ते रुग्ण कळवळू लागल्यावर. सॉन्डर्स यांनी ते घड्याळाच्या ठोक्यावर, वेदना डोके वर काढण्याआधी, तोंडावाटे द्यायला सुरुवात केली आणि नोंदी ठेवल्या. रुग्ण गुंगीत पडून राहत नाहीत, व्यसनी होत नाहीत, उलट बोलू लागतात, निरवानिरव करतात, हे त्या नोंदींतून दिसले. १९६७ मध्ये दक्षिण लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडले.

या कामात ख्रिस्ती असे काय होते? मॉर्फिनला धर्म नसतो. पण सॉन्डर्स यांनी समग्र वेदना ही कल्पना मांडली: शरीराचे दुखणे, मनाचे, घरच्यांची चिंता, पैशाची विवंचना आणि जगण्याच्या अर्थाबद्दलचा प्रश्न हे एकाच माणसात गुंतलेले असतात, एकेक सुटे करून त्यांवर औषध चालत नाही. देह आणि आत्मा अशी वाटणी न करता माणूस सबंध धरायचा, ही पुनरुत्थानाच्या श्रद्धेचीच वैद्यकातली भाषा आहे असे मला वाटते. दुसरी गोष्ट अशी की या घराने कोणालाही धर्म विचारून आत घेतले नाही. पहिली देणगी देणारा ज्यू होता आणि त्याच्यावर धर्मांतराचा आग्रह झाला नाही. संस्था ख्रिस्ती जमातीसारखी बांधावी की सगळ्यांना खुली असावी, यावर सुरुवातीला पुष्कळ खल झाला आणि कौल खुलेपणाकडे गेला. जी आशा समोरच्याने आपल्यासारखे मानल्याशिवाय त्याची सेवा करू शकत नाही, तिला मी आशा म्हणणार नाही. तो सौदा झाला.

आता आक्षेपांकडे. सर्वांत जड आक्षेप तत्त्वज्ञांचा नाही, आकड्यांचा आहे. अमेरिकेत बरा न होणाऱ्या कर्करोगाच्या ३४५ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये तिथल्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आजाराला तोंड देताना धर्माचा आधार जास्त घेणाऱ्या रुग्णांपैकी साधारण साडेतेरा टक्के जणांना शेवटच्या आठवड्यात आयुष्य लांबवणारे तीव्र उपचार मिळाले. धर्माचा आधार कमी घेणाऱ्यांत हे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास होते. कृत्रिम श्वासयंत्राचेही तसेच. म्हणजे ज्यांनी पुनरुत्थानाच्या भरवशावर निवांत निरोप घ्यायचा, तेच नळ्यांत अडकून मेले. त्याच संशोधकांच्या गटाचा २०१३ चा अभ्यास तर आणखी बोचरा. ज्या रुग्णांना आपल्या धर्ममंडळीकडून भरपूर आध्यात्मिक आधार मिळत होता, ते हॉस्पिसकडे कमी वळले आणि अतिदक्षता विभागात जास्त मेले. ख्रिस्ती आशा माणसाला मरायला शिकवते, या म्हणण्याला एवढा सणसणीत उलट पुरावा मिळणे अवघड.

हा पुरावा झटकून टाकता येत नाही. तो अमेरिकेपुरता आहे, तिथल्या मंडळ्यांत चमत्काराने बरे होण्यावर भर मोठा आहे, हे खरे. पण चमत्काराच्या सभा आपल्याकडेही भरतात आणि त्यांत म्हातारे आईवडील खुर्चीत बसवून आणले जातात. माझे उत्तर असे की या आकड्यांत आशेने एक सोयीची वाट धरलेली दिसते. देव शेवटच्या क्षणी बरे करील, म्हणून यंत्र बंद करणे म्हणजे देवाचा हात धरणे, अशी ती समजूत आहे. येशूच्या बागेतल्या विनवणीचा पहिला अर्धा भाग तिने घेतला आणि दुसरा, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो हा, सोडला. चर्चची अधिकृत शिकवण याच्या उलट आहे आणि ती आजची नाही. पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांसमोर बोलताना स्पष्ट केले की जगणे टिकवण्यासाठी नेहमीचे उपाय करावेत, पण असाधारण उपायांचे बंधन नाही. वेदना शमवणाऱ्या औषधाने आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला तरी हेतू वेदना शमवण्याचा असेल तर ते द्यायला हरकत नाही, हेही त्यांनी त्याच वर्षी सांगितले. म्हणजे इच्छामरण नको आणि मरणाशी हट्टही नको. २०१३ च्या त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली: धर्ममंडळीचा आधार असलेल्या याच रुग्णांशी वैद्यकीय चमूनेही आध्यात्मिक बाजूने संवाद साधला तेव्हा हॉस्पिसकडे वळणारे वाढले, आणि शेवटाबद्दल मोकळेपणी बोलणे झाले तेव्हा तीव्र उपचार कमी झाले. याचा अर्थ दोष श्रद्धेपेक्षा मौनाचा आहे. व्यासपीठावरून पुनरुत्थान सांगितले जाते, पण श्वासयंत्र लावायचे की नाही यावर पाळक आणि फादर कुटुंबाशी बसून बोलत नाहीत. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शेवटच्या उपचारांबद्दल आगाऊ लेखी इच्छा नोंदवण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. त्यावर प्रवचन व्हायला काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप जुना आणि जास्त गाजलेला. ही सगळी आशा म्हणजे इच्छेने रचलेला भ्रम, असे फ्रॉइडने १९२७ मध्ये लिहिले. बारा वर्षांनी जबड्याच्या कर्करोगाने लंडनमध्ये तो मेला. वर्षानुवर्षे यातना सोसूनही त्याने परलोकाचा आधार घेतला नाही आणि शेवटी आधी ठरल्याप्रमाणे डॉक्टरने त्याला मॉर्फिन दिले. त्याच्या धैर्यापुढे मान झुकते, आणि आशेशिवाय माणूस नीट मरू शकत नाही हा धर्मोपदेशकांचा लाडका दावा तिथे कोसळतो. तीच गोष्ट सेवेची. केरळात कोझिकोडला १९९३ पासून डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे जे काम उभे केले, ते पुढे गल्लीगल्लीत पोचले ते हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, कम्युनिस्ट अशा सगळ्यांच्या हातांनी. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने देशात मॉर्फिन मिळणे मुश्कील करून ठेवले होते. ते सैल करून घेण्यासाठी या मंडळींना २०१४ पर्यंत झगडावे लागले. तेव्हा शुश्रूषेची मक्तेदारी ख्रिस्ती आशेकडे आहे असे मी म्हणतच नाही. माझा दावा उलट बाजूने आहे. शुश्रूषा या आशेवाचून होऊ शकते, पण ही आशा शुश्रूषेवाचून खरी राहू शकत नाही. भ्रम आहे की नाही याचा निकाल या जगात लागणार नाही. लागू शकतो तो एवढाच की ती माणसाला खाटेपासून दूर नेते की जवळ आणते.

मरणापेक्षा म्हातारपण जास्त अवघड, कारण ते लांबते. इथे दोन पोपांची उदाहरणे एकमेकांना छेद देतात. दुसरे जॉन पॉल यांना कंपवात झाला, चालणे गेले, बोलणे गेले, तरी त्यांनी पद सोडले नाही. थरथरता, लाळ गळणारा म्हातारा सगळ्या जगाने दूरचित्रवाणीवर पाहिला. मार्च २००५ च्या शेवटी प्रकृती ढासळली तेव्हा पुन्हा रुग्णालयात न जाता ते व्हॅटिकनमधल्या आपल्या खोलीतच राहिले आणि २ एप्रिलला वारले. त्यांच्या जागी आलेले सोळावे बेनेडिक्ट आशेवर एक सबंध परिपत्रक लिहिणारे. त्यांनी २०१३ मध्ये, पंच्याऐंशीव्या वर्षी, ताकद उरली नाही असे सांगून राजीनामा दिला आणि नंतर जवळजवळ दहा वर्षे मागे राहून प्रार्थनेत काढली. कोणाचे बरोबर? एकाने दाखवले की अकार्यक्षम माणसाचीही किंमत घटत नाही, दुसऱ्याने दाखवले की किंमत पदावर अवलंबून नाही. माझा कल बेनेडिक्ट यांच्याकडे आहे. सत्ता धरून ठेवलेला म्हातारा आपल्याला घरोघर दिसतो. ती वेळेवर सोडणारा क्वचित. पण जॉन पॉल यांनी जे केले त्याने लाखो परावलंबी म्हाताऱ्यांना लाज वाटेनाशी झाली असेल, तर तेही कमी नाही.

स्मृतिभ्रंशापाशी मात्र नेहमीची सगळी उत्तरे अडखळतात. आशा करायला पुढचा काळ लागतो, आणि पुढचा काळ धरायला मागचा आठवावा लागतो. ज्याला लेकीचे नाव आठवत नाही, देवाचे नाव आठवत नाही, त्याची आशा कुठे गेली? स्कॉटलंडमधले जॉन स्विंटन आधी मानसिक रुग्णांचे परिचारक होते आणि मग धर्मशास्त्राचे प्राध्यापक झाले. २०१२ च्या आपल्या पुस्तकात ते म्हणतात की माणूस स्वतःच्या स्मरणावर टिकून नसतो, देवाच्या स्मरणात टिकून असतो. हे वाक्य सोयीचे वाटू शकते, कारण देवाचे स्मरण कोणी तपासू शकत नाही. पण त्याचा व्यवहारातला अर्थ तपासता येतो. आशा एकट्या व्यक्तीच्या डोक्यात राहत नसेल, मंडळीने मिळून धरायची असेल, तर ज्याला आठवत नाही त्याच्या वतीने इतरांनी आठवायचे, त्याला नावाने हाक मारायची, त्याला घास भरवताना घाई करायची नाही. हे जिथे घडत नाही तिथे स्विंटन यांचे वाक्य पोकळ आहे, आणि जिथे घडते तिथे ते सिद्ध करायची गरज पडत नाही. तरीही लेकीचे दुःख याने मिटते असे मी म्हणणार नाही.

आपल्या मुलखात या आशेचे रूप कामात बुडालेले दिसते. पंडिता रमाबाई उतारवयात जवळजवळ ऐकू येत नसतानाही केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती लेक मनोरमा वारली. रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती सदनाचा वारसा जिच्याकडे जायचा तीच गेली. रमाबाई तपासणीचे काम सोडून बसल्या नाहीत; ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या तेव्हा काम हातावेगळे झाले होते. वांद्र्याला १९८६ मध्ये टाटा रुग्णालयातले शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने शांती अवेदना सदन सुरू झाले. देशातले पहिले हॉस्पिस म्हणून ते ओळखले जाते. जिथे उपचार थांबतात तिथून त्याचे काम सुरू होते, पैसे न घेता आणि जातधर्म न विचारता.

पण एक हॉस्पिस म्हणजे पॅरिश, म्हणजे गावोगावची चर्चमंडळी, नव्हे. २०२२ मध्ये देशात साठीपुढची माणसे सुमारे १५ कोटी होती आणि २०५० पर्यंत ती ३४ कोटींच्या वर जातील असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. गोवा, वसई, मंगळूर, केरळ इथल्या ख्रिस्ती घरांतली मुले आखातात, कॅनडात, इंग्लंडमध्ये गेली. मागे मोठी घरे आणि म्हातारी माणसे राहिली. गोव्यातल्या कोन्फ्रारी, म्हणजे देवळांशी जोडलेली बंधुमंडळे, शतकानुशतके सभासदाच्या अंत्ययात्रेची आणि त्याच्यासाठीच्या मिस्सांची चोख व्यवस्था लावत आली. मेलेल्याची काळजी कशी वाटून घ्यावी हे ज्यांना इतके नेमके जमले, त्यांना मरणाआधीच्या दहा वर्षांची काळजी वाटून घेणे अशक्य नसावे. चर्चने आपल्या बाजूने दार कधीच उघडून ठेवले आहे. आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार पूर्वी अखेरच्या घटकेचा समजला जाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ मध्ये, तो आजारी आणि थकलेल्या सर्वांसाठी, पुन्हा पुन्हा घेता येण्याजोगा करण्यात आला. तरी आजही कित्येक घरांत फादरना निरोप जातो तो म्हातारा बेशुद्ध झाल्यावरच, कारण फादर दारात दिसले तर तो घाबरेल असे घरच्यांना वाटते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना वर्षातून दोनदा रविवारच्या मिस्सेत समोरच्या बाकांवर बसवून, शुद्धीत असताना, लेकीसुनांच्या देखत हे तेल लावायला कोणत्याही नव्या नियमाची गरज नाही. मिस्सा झाल्यावर त्यांना घरी कोण सोडणार आणि मंगळवारी त्यांच्याकडे कोण डोकावणार, याची यादी त्याच दिवशी करता येते.